आभासी यंत्राची ओळख

(हैदराबाद येथे शासकीय संगणक कर्मचाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



हैदराबादला संगणकाची परंपरा नवी नाही. १९६७ साली येथे स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सार्वजनिक उपक्रमाने टीडीसी मालिकेतील देशी संगणक तयार केले. आज राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या राष्ट्रीय डेटा सेंटरांपैकी एक याच शहरात आहे. अशा ठिकाणी प्रत्येक कामासाठी निराळा संगणक ठेवीत नाहीत. एकाच समर्थ सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे नांदतात.

आभासी यंत्राची प्रत काही मिनिटांत निघते. परंतु प्रत सुरू होते आणि जाळ्याशी बोलत नाही, असा अनुभव वारंवार येतो. त्याचे कारण समजून घेऊ.

प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक क्रमांक असतो. यंत्राची प्रत काढली म्हणजे तिच्या आभासी कार्डाला सामान्यतः नवा क्रमांक मिळतो. मात्र आतील कार्यप्रणालीच्या दप्तरी जुनीच नोंद राहते. रेड हॅट लिनक्सच्या सहाव्या आवृत्तीत याचा पुरता प्रत्यय येतो. ‘यूडेव्ह’ची नियमावली ‘ईथ-०’ हे नाव जुन्या क्रमांकासाठी राखून ठेवते व नव्या कार्डाला ‘ईथ-१’ म्हणते. आयपी पत्ता मात्र ‘ईथ-०’च्या नावे लिहिलेला असतो. परिणामी कार्ड आहे, पत्ता आहे. पण दोहोंची गाठ पडत नाही.

उपाय क्रमाने करावा. जाळे बंद असल्यामुळे दूरस्थ प्रवेश चालणार नाही. म्हणून हायपरव्हायजरच्या कन्सोलवरून आत शिरावे. प्रथम आभासी कार्ड ‘जोडलेले’ आहे काय आणि ते योग्य आभासी स्विचवर आहे काय, हे पाहावे. नंतर कार्डाचे सध्याचे नाव व मॅक क्रमांक टिपून घ्यावा. बदलावयाच्या धारिकांची नक्कल ठेवून नियमावलीतील जुनी व नवी अशा दोन्ही नोंदी काढाव्यात, ‘ईथ-०’च्या धारिकेत नवा मॅक क्रमांक लिहावा, जुना यूयूआयडी वगळावा आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. सातव्या आवृत्तीपासून नावे देण्याची पद्धत बदलली; तरीही धारिकेत जुना मॅक क्रमांक राहिला असेल तर तीच अडचण उद्भवते.

याहून गंभीर धोका निराळाच आहे. प्रतीत मूळ यंत्राचाच कायम आयपी पत्ता राहिला आणि दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यात चालू झाली, तर सुरळीत चाललेली मूळ सेवाही डळमळते. व्हीएमवेअरची काही उत्पादने विचारतात : यंत्र हलविले की त्याची प्रत काढली? प्रत काढली असता ‘हलविले’ असे उत्तर दिल्यास मॅक क्रमांकही तोच राहतो, आणि एकाच मोहोरेची दोन कार्यालये थाटल्यासारखा गोंधळ माजतो. म्हणून नव्या प्रतीचे कार्ड प्रथम अलग ठेवावे, पत्ता बदलावा आणि मगच ते जाळ्याला जोडावे.

हे काम किरकोळ समजू नये. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी अथवा निवृत्तिवेतनाच्या चौकशीसाठी खिडकीशी उभ्या असलेल्या नागरिकाला मॅक क्रमांकाशी कर्तव्य नसते. ‘यंत्रणा बंद आहे’ एवढेच त्याला ऐकू येते, आणि त्याचा तो दिवस वाया जातो. कोणत्या यंत्राला कोणता पत्ता दिला, प्रत कोणी व केव्हा काढली, याची नोंदवही ठेवण्यास पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे आपण अवश्य द्यावीत, एवढीच माझी विनंती आहे.