दोन डायोडांचा ट्रान्झिस्टर



नववीतलं विज्ञान प्रदर्शन आठवतं? आमच्या गटाने पाण्याची टाकी भरली की वाजणारा बझर केला होता. आदल्या रात्री त्यातला बीसी ५४७ ट्रान्झिस्टर माझ्या हातून जळाला. सीताबर्डीची दुकानं तोवर बंद झालेली. पुस्तकातल्या आकृतीत एन, पी, एन असे तीन सारखे चौकोन होते. मी डोकं चालवलं: डायोड म्हणजे एक पी आणि एक एन, मग दोन डायोडांची पी-टोकं जोडली की झाला ट्रान्झिस्टर! बझर काही वाजला नाही. सर रागावले नाहीत. म्हणाले, "काऊन नाही वाजला, ते शोध आन् मला सांग."

सर, तुम्ही आज समोर बसला आहात. उशीर झाला, पण सांगते.

मधला पी थर म्हणजे बेस. बेस आणि एमिटरमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट दिले की एमिटरमधले इलेक्ट्रॉन बेसमध्ये शिरतात. तिथे त्यांना फारसं कोणी ओढत नाही. अलीकडे गर्दी आणि पलीकडे मोकळं, म्हणून ते पसरत जातात. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो तसे. वाटेत रिकामी जागा, म्हणजे होल, भेटली की इलेक्ट्रॉन तिथेच अडकतो. म्हणून बेस अतिशय पातळ करतात, मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो.

पलीकडचं कलेक्टरचं जंक्शन उलट्या दिशेने जोडलेलं असतं. उलटं म्हणजे बंद, असं आपण पाठ केलं होतं. पण बेसमधून काठाशी आलेल्या इलेक्ट्रॉनसाठी तो उतार असतो. आला की घसरलाच! शंभरातले नव्याण्णव पार झाले आणि एक अडकला, तर बेसच्या तारेला त्या एकाचीच भरपाई करावी लागते. एकाच्या खर्चात नव्याण्णव हलतात. टाकीतल्या पाण्यातून येणारा इवलासा प्रवाह बझर वाजवतो तो असा.

माझ्या जोडणीत दोन पी थरांच्या मध्ये तार होती. पहिल्या डायोडमध्ये शिरलेले इलेक्ट्रॉन तिथल्या पी थरात, नाहीतर तारेच्या सांध्याशीच होलमध्ये विरून जात. सगळा प्रवाह बेसच्या तारेतूनच जाई; दुसऱ्या डायोडपर्यंत घसरायला कोणी पोहोचतच नसे.

शॉक्ली यांनी थरांचा हा ट्रान्झिस्टर १९४८ साली कागदावर मांडला. बेल लॅबमध्ये तो प्रत्यक्षात आला १९५१ च्या सुमारास. इतका पातळ थर करणं सोपं नव्हतंच. मी तो एका रात्रीत तारेने करायला निघाले होते!

आकृतीत थरांचा क्रम बरोबर होता, जाडी मात्र नव्हती. आज सॉफ्टवेअरची आकृती फळ्यावर काढताना मी आधी विचारते, यात काय दाखवायचं राहिलं? ही सवय त्या न वाजलेल्या बझरची आणि तुमच्या "काऊन"ची आहे, सर.