परकी भाषा, आपला मांडव

(सणसर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणावरून)



पुढील वर्षीच्या कलामहोत्सवात एक दिवस फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या कलांना द्यावा, अशी सूचना आली तेव्हा एका पालकांनी विचारले, "पोरांना अजून इंग्रजी धड येत नाही, त्यात हे फ्रेंच कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा मी आज यथाशक्ती प्रयत्न करणार आहे.

फ्रेंच म्हणजे केवळ पॅरिस, असा आपला समज असतो. वस्तुतः जगात 30 कोटींहून अधिक लोक ही भाषा जाणतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आफ्रिकेत राहतात. सेनेगाल, मोरोक्को, ट्युनिशिया, अल्जीरिया हे मुसलमानांची बहुसंख्या असलेले देश आहेत. तेथे फ्रेंच आली ती राज्यकर्त्यांबरोबर, जशी आपल्याकडे इंग्रजी आली. राज्यकर्ते गेले, भाषा राहिली, आणि लोकांनी ती आपल्या कामाला लावली.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या उसातच सापडते. भवानीनगरच्या कारखान्यावर दरवर्षी परजिल्ह्यांतून ऊसतोड कामगार येतात, हे आपण पाहतो. मॉरिशस बेटावर 1834 पासून हिंदुस्थानातून असेच मजूर ऊसमळ्यांवर नेले गेले. करार करून, जहाजातून, परतीची खात्री नसताना. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. ते बेट 1810 पर्यंत फ्रेंचांकडे होते, पुढे इंग्रजांकडे गेले. तरी लोकांच्या तोंडी फ्रेंचवरून बनलेली क्रिओल राहिली. आमची माणसे ती क्रिओल बोलू लागली, वर्तमानपत्रे फ्रेंचमधून वाचू लागली. पण मराठीही त्यांनी टाकली नाही. आजही तेथील शाळांतून मराठी शिकवली जाते, आणि गणेशचतुर्थीला सरकारी सुटी असते. नवी भाषा घेतली म्हणून जुनी हातची जात नाही, हे त्या ऊसतोड्यांच्या नातवंडांनी आपल्याला दाखवून दिले आहे.

आता कलेकडे वळतो. पश्चिम आफ्रिकेत 'ग्रिओ' नावाचे वंशपरंपरागत गायक आहेत. राजांच्या वंशावळी आणि पराक्रम ते तोंडपाठ गातात. त्यांचे एक वाद्य 'कोरा'. अर्धा वाळलेला भोपळा, त्यावर कातडे आणि 21 तारा. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी आपल्या गावी मुक्कामाला येते, तेव्हा कुणाच्या हातातल्या एकतारीचा भोपळा आपण पाहतोच. आपला गोंधळी आणि तिकडचा ग्रिओ एकमेकांना भेटले, तर दुभाष्याची फारशी गरज पडणार नाही, असे मला वाटते.

भगिनींनो, दोन लेखिकांविषयी आपल्याला मुद्दाम सांगायचे आहे. सेनेगालच्या मारियामा बा. आजी-आजोबांकडे वाढलेल्या या मुलीला प्राथमिक शाळेपुढे शिकवण्याचा त्यांचा विचार नव्हता. वडिलांनी आग्रह धरला म्हणून ती शिकली, शिक्षिका झाली. 1979 साली तिची कादंबरी आली. इद्दतीत बसलेली एक विधवा मैत्रिणीला लांबलचक पत्र लिहिते, एवढाच तिचा विषय. इद्दत म्हणजे काय, हे आपल्या घरांत समजावून सांगावे लागत नाही. 1980 साली त्या पुस्तकाला आफ्रिकेतील साहित्यासाठी सुरू झालेला पहिला नोमा पुरस्कार मिळाला. दुसरी अल्जीरियाची आसिया जेबार. तिचे वडील फ्रेंचचे शिक्षक. वडिलांचा हात धरून शाळेत जाणाऱ्या एका लहान मुलीपासून तिचे एक पुस्तक सुरू होते. तीच मुलगी 2005 साली फ्रेंच अकादमीवर निवडून गेली.

दोन्ही ठिकाणी एक बाप उभा आहे, हे ध्यानात घ्या.

माझी थोरली बहीण माझ्याहून हुशार होती. सातवीनंतर हायस्कूल लांब पडते म्हणून तिचे दप्तर खुंटीला लागले. माझे लागले नाही. मी पुढे शिक्षक झालो, आणि ती माझी पत्रे दुसऱ्याकडून वाचून घेत नसे एवढेच समाधान राहिले. आमचे वडील वाईट नव्हते. "मुलीला पुढे पाठवा" असे त्यांना सांगणारा कोणी नव्हता.

म्हणून हा एक दिवस. खर्च फारसा नाही. फळ्यावर नकाशा काढावा, मुलांनी एखाद्या कथेचे मराठीत नाट्यवाचन करावे, भोपळ्याची कोरा हस्तकलेच्या तासाला करून पाहावी, शेजारी आपला गोंधळ आणि कव्वालीही ठेवावी. फ्रेंच भाषेचा दिवस 20 मार्चला पाळतात. पण तेव्हा आपल्याकडे परीक्षा असतात, म्हणून तो स्नेहसंमेलनातच घ्यावा.

आपली मुले सकाळी मदरशात अरबी अक्षरे गिरवतात, घरी दखनी बोलतात, शाळेत मराठी लिहितात. ज्यांच्या जिभेला इतक्या भाषांची सवय आहे, त्यांनी आणखी एका भाषेला भ्यावे कशाला? पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचचे वर्ग चालतात. उद्या सणसरची एखादी मुलगी तेथे जाऊ इच्छील. त्या दिवशी, पालकहो, तिचे दप्तर खुंटीला लावू नका; तिचा हात धरून तिला एस.टी.पर्यंत पोहोचवा. माझे एवढेच मागणे आहे.