वाऱ्यावरचें भांडवल

साताऱ्याहून पाटणच्या बाजूस गेलें म्हणजे कोयनेच्या शिवसागर जलाशयावर वनकुसवड्याचें पठार लागतें. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच अशा या सड्यावर १९९० नंतरच्या दशकांत पवनचक्क्या उभ्या राहूं लागल्या. पुढें सांगली जिल्ह्यांतील ढालगांवच्या माळावरहि त्या दिसूं लागल्या. खालीं कोयनेचें पाणी वीज देत होतेंच. आतां माथ्यावरचा वाराहि त्याच कामास जुंपला गेला.

या चक्क्यांचे मालक कोण, हें पाहण्यासारखें आहे. बजाज ऑटोसारखी वाहनें करणारी कंपनी त्यांत होती. वाहनांच्या कारखानदारास वाऱ्याचा सोस कां लागावा? याचें उत्तर सड्यावर नाहीं, प्राप्तिकराच्या कायद्यांत आहे. पवनचक्कीवर पहिल्याच वर्षीं शेंकडा १०० घसारा धरण्याची मुभा होती. म्हणजे चक्कीची सारी किंमत करपात्र नफ्यांतून वजा होई. मग चक्की फिरो वा न फिरो! हा घसारा पुढें ८० वर आला, २०१२ सालीं काढून घेण्यांत आला, २०१४ सालीं परत मिळाला आणि २०१७ पासून ४० वर उतरला. निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटामागें ५० पैसे देण्याची योजना २००९ सालीं निघाली, तीच अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. कारण तींत पैसा विजेला होता, लोखंडाला नव्हता.

अशा व्यवहारांत सल्लागाराचा धंदा उभा राहतो. त्याचें पहिलें काम वारा मोजण्याचें. वाऱ्याची शक्ति वेगाच्या घनाप्रमाणें वाढते. वेग सेकंदास पांच मीटरांचा सहा झाला, कीं शक्ति जवळजवळ पावणेदोनपट होते. म्हणून मोजणींतील अल्पशी चूकहि सावकाराचें मुद्दल बुडवूं शकते. आपल्या देशांत या मोजणीचा पाया घालण्याचें श्रेय बव्हंशीं अॅना मणी यांस आहे. १९४८ सालीं पुण्याच्या हवामान खात्यांत त्या रुजू झाल्या आणि निवृत्तीनंतरहि देशभरच्या वाऱ्याचीं कोष्टकें सिद्ध करीत राहिल्या.

एक मेगावॅटची चक्की वर्षभर पूर्ण जोमानें चालली तर ८७ लाख ६० हजार युनिटें देईल. शेंकडा २० चा हिशेब धरल्यास हातीं साडेसतरा लाखच येतात, आणि त्यांतलाहि मोठा वांटा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या चार महिन्यांत. बँकेचें व्याज मात्र बाराहि महिने धांवतें. हें स्पष्ट सांगणारा सल्लागार विरळा. कारण पुष्कळदां त्याची दलाली चक्की विकणाराच देतो.

आणि जमिनीचें काय? सात-बारावर पोटखराबा म्हणून नोंदलेल्या माळाला शेतकऱ्याच्या लेखीं चाऱ्यापुरतीच किंमत असते. त्या माळावरचा वारा किती मोलाचा आहे, याचा कागद घेणाऱ्याच्या खिशांत असतो. विकणाऱ्यास तो कोणी दाखवीत नाहीं.

आतां नवा पेंच पडला आहे. उत्तमोत्तम जागा जुन्या, लहान यंत्रांनीं अडविल्या आहेत. तीं काढून मोठीं बसवावींत, असें केंद्र सरकारचें धोरण २०१६ सालीं निघालें. परंतु एका सड्यावर मालक अनेक, प्रत्येकाची चक्की निराळी, वीजविक्रीचा करारहि निराळा. आणि मोठ्या यंत्रास दोन चक्क्यांमध्यें अंतरहि अधिक लागतें. कोणाची चक्की उतरवावयाची आणि त्यास वांटा किती द्यावयाचा, ही तडजोड घडविण्याचें काम आतां सल्लागारांपुढें आहे.