भाषेचें घरटें

न्यूझीलंडमधील माओरी भाषेंत 'फेनुआ' म्हणजे भूमि. आणि बाळंतिणीची वार, तीही फेनुआच. ती वार भूमींत पुरण्याची त्यांची रीत आहे. 'इवि' म्हणजे हाड, आणि इवि म्हणजेच जमात. अशी भाषा गेली म्हणजे केवळ शब्द जात नाहींत. देहाचें भूमीशीं व आप्तांशीं असलेलें नातेंही विस्मृत होतें.

ही भाषा शाळेनेंच हिरावली. १८६७ च्या कायद्यानें माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजीला माध्यमाचें स्थान दिलें. पुढें मायबोली बोलल्याबद्दल अनेक मुलांनीं छड्या खाल्ल्या. तीच मुलें आईबाप झालीं, तेव्हां लेकरांवर तोच प्रसंग नको म्हणून घरांतही इंग्रजीच बोलूं लागलीं. १९१३ सालीं शाळेंत जाणाऱ्या माओरी मुलांपैकीं शेकडा ९० मुलांस मायबोली येत होती. १९७५ पर्यंत हें प्रमाण शेकडा ५ च्याही खालीं आलें.

माओरी मानसरोगतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनीं १९८४ च्या सुमारास आरोग्याला चार भिंतींच्या घराची उपमा दिली. शरीर, मन, कुटुंब आणि आत्मा या त्या भिंती; एक खचली कीं सारें घर डळमळतें. आजीचें बोलणें नातवाला कळेनासें झालें, तर कुटुंबाच्या भिंतीला तडा जातो, आणि तो कोणत्याही औषधानें सांधत नाहीं.

यावर उपाय निघाला तोही घरगुतीच. १९८२ सालीं वेलिंग्टननजीक वाइनुइओमाता येथें पहिलें 'कोहंगा रेओ', म्हणजे भाषेचें घरटें, सुरू झालें. तेथें वडीलधारी माणसें लहान मुलांशीं केवळ माओरींतच बोलत. व्याकरणाचा पाठ नाहीं. जेवण, खेळ, गाणें, निजणें हाच अभ्यासक्रम. १९८७ सालीं माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली.

आरंभीं पुस्तकांची मोठी वाण होती. इंग्रजी चित्रपुस्तकांतील मजकुरावर माओरी ओळी चिकटवून काम भागविलें जाई. ती अडचणींतली सोय होती. निवडीला वाव असेल, तेव्हां मात्र पुस्तक पारखूनच घ्यावें. तें माओरींनीं स्वतः लिहिलें आहे काय? त्यांतील बोली मुलाच्या जमातीची आहे काय? कारण इतर जमाती जेथें 'ङ' उच्चारितात, तेथें दक्षिणेकडील काइ ताहू जमात 'क' म्हणते. दीर्घ स्वरांच्या खुणा आहेत काय? 'केके' हा शब्द ह्रस्व उच्चारिला तर केक, दीर्घ उच्चारिला तर काख! 'दिन' आणि 'दीन' यांतील भेद जाणणाऱ्या मराठी वाचकास याचें महत्त्व सांगावयास नको.

शेवटची कसोटी सर्वांत मोठी: तें पुस्तक आजीच्या मांडीवर बसून वाचतां येईल काय? ज्या शब्दासाठीं एके काळीं तिच्या हातावर छडी बसली, तोच शब्द नातू तिला पुन्हा म्हणावयास सांगतो. ज्या पुस्तकामुळें हें घडतें, तेंच खरें पाठ्यपुस्तक.