नांगर आणि वखर

शेती म्हटली कीं नगरवासीयाच्या डोळ्यांपुढें प्रथम नांगर उभा राहतो. परंतु नागपूरच्या पश्चिमेस, वर्ध्याच्या व वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत, वर्षानुवर्षें मशागतीचा भार वाहिला तो मुख्यतः वखरानें. नांगर तेथें कांहीं वर्षांनीं एकदां, कुंदा, हरळी किंवा कांस माजली म्हणजे निघे. एरवीं वखराच्या पाळ्यांवरच काम भागे.

परक्या माणसास यांत आळस दिसला, तर नवल नाहीं. परंतु याचें कारण मातीच्या स्वभावांत आहे. काळी माती पावसानें फुगते व उन्हानें आकसते. उन्हाळ्यांत तिला खोल भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत ओघळते, आणि पावसाळ्यांत ती फुगली म्हणजे खालची माती वर रेटली जाते. जमीन अशी स्वतःच उलथत असते. शेतकऱ्यानें करावयाचें तें एवढेंच, कीं वरचा थर मोकळा ठेवावा व तण मुळाशीं छाटावें. वखराची आडवी लोखंडी पास जमिनीखालीं चार बोटें सरकते, तण कापते, आणि वर पसरलेली मऊ माती खालची ओल उडूं देत नाहीं.

पूर्वेकडे, भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत, प्रकार अगदीं उलट. तेथें साचलेल्या पाण्यांत नांगर चालवून चिखलणी करतात, ती माती मोकळी व्हावी म्हणून नव्हे, तर तिचीं छिद्रें बुजून पाणी वर टिकावें म्हणून.

देशी लाकडी नांगर माती चिरतो, उलटीत नाहीं. दोन तासांच्या मध्यें न फुटलेली पट्टी राहते. म्हणून उभ्या नांगरटीवर आडवी करावी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते या समजुतीमुळें गिऱ्हाईक मिळणें कठीण झालें होतें. पुढें तोच नांगर घरोघर गेला. कारण खोल गेलेल्या हरळीचीं मुळें उपटून उन्हांत टाकण्यास त्याच्यासारखें साधन नव्हतें.

आतां बैलजोड्या कमी झाल्या असून बहुतेक ठिकाणीं भाड्याचा ट्रॅक्टर नांगरट करतो. त्यानें श्रम वांचले, हा लाभ लहान नाहीं. परंतु घरची जोडी वाफशाची वाट पाहत असे. भाड्याचें यंत्र स्वतःच्या पाळीनें येतें. ओल्या चिकण मातींत फाळ घातला, तर दगडासारखीं ढेंकळें होतात. उताराच्या दिशेनें तास काढलें, तर पहिल्याच वळवाचें पाणी त्यांतून धावतें आणि माती नाल्यांत नेतें. बोटभर माती तयार होण्यास शतकें लागतात. वाहून जाण्यास तिला एक पावसाळा पुरतो.

यास्तव औताची निवड जमीन पाहून, वेळ वाफसा पाहून आणि दिशा उतार पाहून ठरवावी. ज्या शेतांत हरळी नाहीं, तेथें दरसाल खोल नांगरटीचा खर्च करण्यापूर्वीं जुन्या वखराच्या दोन पाळ्यांचा विचार अवश्य व्हावा.