बाजारबुणगे कोण होते?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण शिबिराला जमलोय. शिबिर म्हणजे मुळात सैन्याचा तळ. आपण मोर्चा काढतो. मोर्चा म्हणजे वेढ्यात तोफांसाठी बांधलेली आडोशाची जागा. ती आपण चालती केली! आघाडी, मोहीम, पवित्रा, सगळं त्याच वळणाचं. या शब्दांना माझी हरकत नाही. लढायचं तर लढाईचे शब्द येणारच. मला बोलायचंय ते लष्करातून आलेल्या शिव्यांबद्दल.

परवा पाण्याचं गाऱ्हाणं घेऊन गेलेल्या बायकांना एक पुढारी 'बाजारबुणगे' म्हणाला. कोण हे बुणगे? मराठी फौजेबरोबर चालणारी, पण न लढणारी सगळी माणसं आणि त्यांचं सामानसुमान. दाणावैरण विकणारे, ओझी वाहणारे, घोड्यांची निगा राखणारे, बरोबरची बायकामुलं. फौजेबरोबर बाजार चालायचा, म्हणून बाजारबुणगे.

पानिपतावर या लोकांचं ओझं झालं म्हणून हार झाली, असं आपण शाळेपासून ऐकतो. त्यात काहीच तथ्य नाही असं नाही. एवढा जमाव सांभाळत फौज चपळ कशी राहणार? पण सांगणारे तिथंच थांबतात. दोन महिन्यांहून अधिक काळ अडकलेल्या त्या छावणीची रसद अब्दालीनं तोडली. दाणा संपला, माणसं-जनावरं उपाशी मरू लागली, म्हणून १४ जानेवारी १७६१ ला बाहेर पडून लढावं लागलं. म्हणजे पोटाला पुरवणारं काम बंद पडलं आणि तलवारीही लुळ्या पडल्या. ते काम करणाऱ्यांचं नाव मात्र शिवी होऊन उरलं. घरकाम हे काम नव्हे असं जे म्हणतात, त्यांचा हा जुनाच हिशेब आहे.

शिलेदार शब्दाला मात्र केवढा मान! स्वतःचा घोडा आणि हत्यार आणणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीरही तितकाच मरायचा, पण सत्कारात 'चळवळीचे बारगीर' कुणी म्हणत नाही.

दुसरी शिवी आपल्याच तोंडची आहे. 'हातात बांगड्या भरल्यात का?' बांगडी म्हणजे भित्रेपणा, हे गणित मांडलं ते लढणाऱ्या पुरुषांनी. ते आपण का चालवायचं? १९७२ मध्ये मुंबईत महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्या बांगड्या भरलेल्या हातांनीच उतरल्या होत्या.

म्हणून तहसील कचेरीवरच्या मोर्चात साहेबांना बांगड्यांचा आहेर करायचा, या सूचनेला माझा विरोध आहे. टाळ्या मिळतील, फोटो छापून येईल, हे मला कळतं. पण साहेबांचा अपमान म्हणून आपण आपलेच हात दाखवणार का? त्यापेक्षा गावागावात टँकरच्या किती फेऱ्या ठरल्या होत्या आणि किती आल्या, ते वहीत तारीखवार लिहून आणा. बरोबर रिकामे हंडे घ्या. जेवणानंतरच्या सत्रात यावर चर्चा आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी तिथं जरूर बोलावं.