यंत्रशाळेतून पाणलोटाकडे

(धाड, जिल्हा बुलढाणा येथे पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



पैनगंगा नदी बुलढाणा तालुक्यातच, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि दूरवर जाऊन वर्धा नदीस मिळते. नदीच्या उगमाचा मान ज्या भागाला मिळाला, त्याच भागातील विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात, ही गोष्ट येथील शेतकऱ्यांस नवी नाही. जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्याच्या फटींत आणि वरच्या मुरुमात जेवढे पाणी मुरते, तेवढेच विहिरीस लाभते. बाकीचे वाहून जाते.

पाण्याप्रमाणेच गावातील शिकलेला तरुणही वाहून जातो. शेगाव येथे 1983 साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्ह्यातील मुलांना घराजवळ तांत्रिक शिक्षण मिळू लागले. पदवी हाती पडताच त्यांपैकी अनेकजण पुण्यामुंबईची वाट धरतात. त्यात गैर काही नाही. परंतु त्यांच्या विद्येचा उपयोग गावाला कसा व्हावा, हा प्रश्न उरतोच. पुण्याच्या एका अभियंत्याने या प्रश्नाचे उत्तर आपल्या कृतीने दिले. त्यांचे नाव विलासराव साळुंखे.

दुष्काळाने दिलेली दिशा

साळुंखे हे पुण्यातील उद्योजक. यंत्रांच्या सुट्या भागांची अचूक मापे घेणारी उपकरणे त्यांच्या कारखान्यात तयार होत. केसाच्या जाडीहूनही सूक्ष्म चूक जेथे खपत नाही, असा हा व्यवसाय. 1972 च्या भीषण दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात गेले. दुष्काळी कामांवर हजारो माणसे खडी फोडीत होती. पोटाला आधार मिळत होता, पण काम संपल्यावर शेत पूर्वीइतकेच कोरडे राहणार होते. पाऊस थोडा पडतो हे खरे. पण जो पडतो तो अडवण्याची व्यवस्था नाही, हे अभियंत्याच्या नजरेस तेव्हा आले.

1974 च्या सुमारास नायगाव येथे देवस्थानची सुमारे 40 एकर माळजमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेऊन त्यांनी प्रयोगास आरंभ केला. उतारावर बांध घातले, ओघळीवर पाझर तलाव बांधला, त्याच्या खालच्या अंगास विहीर खोदली आणि तिचे पाणी पंपाने वरच्या शेतांना दिले. पत्नी कल्पनाताई यांची त्यांना या कामी मोलाची साथ लाभली. ग्राम गौरव प्रतिष्ठान या संस्थेमार्फत हे कार्य पुढे अनेक गावांत पोहोचले आणि ‘पाणी पंचायत’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

पाण्याचा हिशेब

बांध आणि तलाव इतरत्रही झाले आहेत. साळुंखे यांचे वेगळेपण पाणीवाटपाच्या नियमांत होते. योजना एकट्यासाठी नसून गटासाठी असे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर, एवढ्या भिजवणीचे पाणी मिळे. चार माणसांच्या कुटुंबास दोन एकरांपुरते पाणी. मग त्याची जमीन वीस एकर असो वा चार. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क होता. दुसऱ्याची जमीन वाट्याने करून तो त्या हक्काचा उपयोग करू शके. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. उसासारख्या अतिशय पाणी पिणाऱ्या पिकास मनाई होती.

पैशाची मांडणीही तितकीच चोख होती. शंभर रुपये खर्चापैकी वीस रुपये लाभधारकांनी प्रथम उभे करावयाचे, पन्नास रुपये शासकीय अनुदान आणि तीस रुपये प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज. स्वतःची वर्गणी पडल्यामुळे योजना ‘सरकारची’ न राहता गटाची होई. पाण्याच्या पाळ्या सांभाळण्यासाठी गटाने नेमलेला पाटकरी असे. कारखान्यातील शिस्त, हिशेब आणि देखभाल यांचा येथे उपयोग झाला.

मर्यादांचा बोध

या कार्याचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादाही पाहणे आवश्यक आहे. सर्वच योजना टिकल्या नाहीत. पाणी उपसण्यासाठी वीज लागते आणि विजेचे देयक थकले की पंप थांबतो. नगदी पिकाचा मोह सुटत नाही. गटात फूट पडली की पाळी मोडते. 2002 साली साळुंखे यांचे निधन झाले. एका व्यक्तीच्या तळमळीवर उभे राहिलेले काम तिच्यामागे चालू ठेवणे किती अवघड असते, याचा अनुभव अशा प्रत्येक कार्यास येतो. म्हणूनच नियम गावाने स्वतः स्वीकारलेले असावे लागतात.

गुजरातेत डॉ. वर्गीस कुरियन यांचे उदाहरण याच जातीचे आहे. अमेरिकेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते 1949 साली आणंद येथे आले आणि दूध उत्पादकांच्या सहकारी संघासाठी त्यांनी आयुष्य वेचले. दोघांनीही आपले तंत्रज्ञान सोडले नाही. त्याचा मालक तेवढा बदलला. यंत्राचा लाभ भांडवलदाराऐवजी उत्पादकांच्या गटाकडे गेला.

धाड परिसरासाठी

पुरंदरचा आराखडा येथे जसाच्या तसा उतरवता येणार नाही. बुलढाण्यात पाऊस त्या भागापेक्षा अधिक पडतो, जमीन वेगळी आहे आणि कापूस, सोयाबीन यांचे गणितही वेगळे आहे. परंतु आधी मोजणी, मग नियम आणि नंतर बांधकाम हा क्रम घेण्यासारखा आहे. शिक्षकांनी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवून मुलांकडून रोजची नोंद करून घ्यावी. पंचायतीने दर महिन्यास निवडक विहिरींची पातळी मोजून फलकावर लावावी. आकडे सर्वांसमोर असले, तर पाण्याविषयीचे भांडण निम्मे कमी होईल. अधिकाऱ्यांनी आराखडा मंजूर करण्यापूर्वी, या पाण्याचे वाटप कोणत्या नियमाने होणार, हा प्रश्न ग्रामसभेस विचारावा. आणि भूमिहीन कुटुंबांचा वाटा किती, तोही विचारावा.

गावातून गेलेल्या तरुण अभियंत्यांनाही अशा कामात बोलवावयास हवे. प्रत्येकाने नोकरी सोडून परत यावे, अशी अपेक्षा नाही. दिवाळीस घरी आलेल्या मुलाकडून पाझर तलावाची पाहणी करून घेता येईल, पंपाचा वीजखर्च तपासून घेता येईल. त्यातूनच एखादा कायमचा परत येईल. तो येईल तेव्हा त्याच्यासाठी सत्काराचा हार तयार असण्यापेक्षा पाच वर्षांच्या पाणीनोंदींची वही तयार असावी. साळुंखे नायगावला गेले तेव्हा त्यांना आरंभ मोजणीपासून करावा लागला. धाडच्या तरुणाला तेवढा वेळ वाचवून देणे आजच्या पंचायतीच्या हाती आहे.